गोणीच्या तोंडचा बिब्बा

भुसावळला उतरणारे बरेच लोक भुसावळसाठी आलेले नसतात. ते तिथे गाडी बदलतात आणि पुढे जातात. मीही तसाच निघालो होतो. मला दोंडाईच्याला जायचं होतं. धुळे जिल्ह्यातलं, सुरतच्या रेल्वेमार्गावरचं, मिरचीच्या बाजाराचं हे गाव. पंच्याण्णव सालचा जानेवारी संपत आला होता. पिशवीत दोन जोड कपडे, एक शाल आणि गोळ्यांच्या रिकाम्या डबीत, कापसात ठेवलेला एक बिब्बा होता.

ज्यांनी बिब्बा पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. काळं, चकचकीत, साधारण काजूच्या बीएवढं फळ असतं. त्याचं तेल कातडीला लागलं तर फोड येतात. पूर्वी परीट कपड्यांवर त्यानेच खुणा करीत. दृष्ट लागू नये म्हणून लोक तो दाराला बांधतात. दोंडाईच्यातल्या एका गोदामात तो मिरचीच्या गोणीच्या तोंडाशी शिवत, आणि ही गोष्ट मुंबईतल्या माझ्या कचेरीत फक्त मला माहीत होती. हा प्रवास त्यामुळे करावा लागला.

मी निर्यातीच्या परवान्यांच्या कचेरीत होतो. चौऱ्याऐंशी साली माल पाहणीसाठी दोंडाईच्याला गेलो, तेव्हा उत्तमनाना नावाच्या व्यापाऱ्यांनी मला घरी जेवायला नेलं होतं. सोबत त्यांचे स्नेही करीमभाई होते. गावात त्यांचं बारदानाचं, म्हणजे रिकाम्या गोण्यांचं, दुकान. जेवणानंतर गोदाम पाहताना मजूर बायकांतली एक वयस्क बाई गोणीचं तोंड शिवता शिवता आत बिब्बा टाकताना दिसली. मी विचारलं, तेव्हा नाना हसून म्हणाले, "आमच्या गोजराअक्काचं खूळ आहे. गावात दुसरं कोणी करत नाही."

दोन वर्षांनी दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनहून, लंडनमार्गे, आमच्या कचेरीत एक पत्र आलं. तिथल्या गोऱ्या सरकारशी आपला व्यापार तेव्हा पूर्ण बंद होता. आपल्या पासपोर्टवरसुद्धा तो देश वगळलेला असे. पत्र लिहिणारी बाई शाळेत शिकवत होती. तिचे पणजोबा ऊसमळ्यात मजूर म्हणून हिंदुस्थानातून गेलेले, भाऊ तुरुंगात. तिने लिहिलं होतं की भारत आमच्या बाजूने आहे असं आम्ही पोरांना शिकवतो, आणि कोपऱ्यावरच्या दुकानात भारतातली मिरची येते. ती कोणाची? मिरचीवाचून आम्ही राहू शकतो. गोणीवर काही छापा नव्हता, पण तोंडाशी ही बी सापडली, ती सोबत पाठवते. पाकिटात निळ्या दोऱ्यात अडकलेला बिब्बा होता.

साहेबांनी तो टेबलावर ठेवून सगळ्यांना विचारलं. मी नाव सांगितलं. नानांचा परवाना रद्द झाला. पुढच्या वर्षी मला बढती मिळाली. त्या दोन गोष्टींचा संबंध होता की नव्हता, हे मी कधी शोधलं नाही. त्याच कपाटात मोठ्या लोकांच्या फायली होत्या, मिरचीहून किमती मालाच्या, त्याच देशाला आडवाटेने गेलेल्या. त्या वरच्या कप्प्यात राहिल्या. मी स्टूल घेऊन त्या कधी खाली काढल्या नाहीत.

बंदी उठून आता वर्षावर झालं होतं. तिथल्या लोकांनी मतदानही केलं. जुन्या फायली निकालात काढण्याचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा तो बिब्बा मी खिशात टाकला. सरकारी वस्तू मी आयुष्यात दुसरी कधी उचलली नाही.

भुसावळ, सावदा

भुसावळला माझी पॅसेंजर चुकली. मी एका फलाटावर वाट पाहत बसलो आणि ती दुसऱ्याच फलाटावरून गेली. शेजारी मफलर गुंडाळलेले एक गृहस्थ बसले होते. ते शांतपणे म्हणाले, "गेली ती तुमची गाडी."

"तुम्हाला माहीत होतं?"

"तुम्ही इतके निवांत बसले, माले वाटलं तुमाले जायचंच नाही."

त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. ते सावद्याचे केळीचे बागायतदार. सगळे त्यांना आबा म्हणत, म्हणून मीही म्हणालो. "लॉजमधी पडून काय करता? चला, आज मळ्यात भरीत आहे," असं म्हणून त्यांनी माझी पिशवी उचललीच. आमच्याकडे अनोळखी माणसाला घरी नेण्याआधी लोक त्याचं आडनाव विचारतात. आबांनी फक्त तिखट चालतं का एवढं विचारलं.

सावद्याच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी केळी. आत शिरलं की थंडी एकदम वाढते आणि उजेड हिरवट होतो. स्टेशनावर घड भरणं चालू होतं. खाली केळीची सुकी पानं अंथरून माणसं हातोहात घड वॅगनमध्ये देत होती. कोणी घड आदळला की मुकादम ओरडत होता, "अरे, तुझ्या सासऱ्याचं आहे का ते?" इथली केळी दिल्लीकडे जातात. पोचेपर्यंत पिकायला हवीत, पण काळी पडता कामा नयेत. सगळा धंदा त्या चार-पाच दिवसांवर.

मळ्यात कपाशीच्या वाळल्या काड्यांवर बामणोदची वांगी भाजत होते. पांढुरकी, लठ्ठ, बी जवळजवळ नसलेली. सालं काढून ती लाकडी ओखळीत हिरव्या मिरच्यांबरोबर ठेचली, वर कांद्याची पात आणि कच्चं तेल. केळीच्या पानावर भरीत, कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, पुरी, मुळा. मी बायकोच्या हातचं भरीत पंचवीस वर्षं खातो आहे आणि ते चांगलं असतं. इथे कळलं की ते वांग्याची भाजी होतं.

जेवताना मी आबांना, नावं न घेता, माझी गोष्ट सांगितली. एक सरकार आपल्याच लोकांना माणूस मानत नाही. म्हणून आपण त्याच्याशी व्यापार तोडला. ते बरोबर की चूक?

आबा म्हणाले, "दिल्लीत कर्फ्यू लागला की आमच्या वॅगना उभ्या राहतात. कर्फ्यू कशाले लागला, ते केळ्याले समजत नाही. ते काळंच पडते."

"म्हणजे व्यापार तोडू नये?"

"तसं कुठी म्हटलं मी?" त्यांनी माझ्या पानावर आणखी भरीत वाढलं. "माझ्या बापाच्या टायमाले इथल्या एका मोठ्या घरानं गड्याले बांधून मारलं. गावानं त्या घराले वाळीत टाकलं. त्याच्या शेतात कोणी जायचं नाही. मंग पहिले उपाशी कोण राह्यलं, सांगा."

"ते मोठं घर?"

"त्याच्या कणग्या भरेल होत्या. उपाशी राह्यला तो मार खाएल गडीच. त्याचंच काम बंद झालं ना."

"मग गावाने वाळीत टाकणं सोडलं?"

"नाही सोडलं. गड्याचं जेवण लावून दिलं. आज या घरी, उद्या त्या घरी. पाच महिने. शेवटी ते मोठं घर मोडलं, चावडीवर येऊन हात जोडले." आबांनी बोटं चाटली. "वाळीत टाकायचं तर टाकावं. पण आधी पाहावं लागते, ताट कोणाचं रिकामं होते."

मी पंचवीस वर्षं परराष्ट्र व्यापाराच्या कागदांवर काम केलं. असं वाक्य एकाही परिपत्रकात वाचल्याचं आठवत नाही.

दोंडाईचा

दुसऱ्या दिवशी मी योग्य फलाटावर अर्धा तास आधी जाऊन उभा राहिलो. जळगाव, अमळनेर, मग उघडा मुलूख. वेचून झालेल्या कपाशीची करडी शेतं, मधेच हरभऱ्याचा हिरवा तुकडा. दोंडाईचा जवळ आलं की आधी नाकाला कळतं. आमच्या डब्यात प्रथम एक म्हातारा शिंकला, मग त्याच्या समोरचा, आणि गाडी थांबेपर्यंत अर्धा डबा शिंकत होता. रोजचे प्रवासी नाकाला उपरणं लावून गप्पा मारत राहिले.

आधी करीमभाईंचं दुकान लागलं. ते दाभण आणि सुतळी घेऊन फाटक्या गोण्या सांधत बसले होते. प्रत्येक गोणीवर त्यांचा निळा छापा, उडतं कबुतर. दाढी आता पूर्ण पांढरी. त्यांनी मला लगेच ओळखलं.

"अरे, इन्स्पेक्टरसाब! या, या. चहा सांगतो."

मी म्हणालो, "नाना कसे आहेत?"

"ठीक असतील. दुरून तर चांगले दिसतात."

मला वाटलं, चेष्टा करत आहेत. मी म्हणालो, "चला ना मग, दोघं मिळून जाऊ त्यांच्याकडे."

त्यांनी दाभण खाली ठेवलं. "साब, आठ वर्षं झाली, मी त्यांच्या ओट्याला पाय लावला नाही. नानांचा परवाना गेला, माहीत असेल तुम्हाला. त्या मालाला कोऱ्या गोण्या मीच दिल्या होत्या. छापा मारू नको म्हणाले, मारला नाही. माल कुठे जाणार ते मी विचारलं नव्हतं, त्यांनीच सांगितलं. गावात दोघांनाच ठाऊक, त्यांना आणि मला. मग मुंबईहून कागद आला. दोघांतून एक काढला, तर उरला कोण?"

"तुम्ही सांगितलं नाही त्यांना?"

"सांगितलं. एकदा. दुसऱ्यांदा सांगणारा खोटा दिसतो." चहा आला. तो माझ्या हातात देत ते म्हणाले, "बेटीच्या लग्नात पहिलं कार्ड त्यांना नेऊन दिलं. त्यांच्यासाठी वेगळा आचारी सांगितला, ब्राह्मण. शुद्ध तुपातलं जेवण. नाही आले. मग काय, आम्हीच खाल्लं ते. मीठ कमी होतं."

ते हसले. आता सांग, असं मी स्वतःला म्हणालो. डबी खिशात होती. मी चहा संपवला, बशी खाली ठेवली, आणि नानांचं गोदाम अजून तिथेच आहे का, असं विचारलं. हे लिहिताना मी आरामखुर्चीत बसलो आहे, म्हणून एवढं तरी लिहायला हवं की त्या वेळी मला कोणी अडवलं नव्हतं.

गावाबाहेर नानांची पथारी होती. पथारी म्हणजे मिरची वाळवण्याचं मोकळं मैदान. दोन-तीन एकर जमीन सबंध लाल. मधून बायका तोंडाला फडके बांधून, ओळीने मिरची उलटवत चाललेल्या. दुरून फार सुंदर दिसतं. जवळ गेल्यावर सौंदर्याकडे लक्ष राहत नाही. मी कडेची एक मिरची उचलून पाहिली, आणि घाम आला म्हणून त्याच हाताने डोळा पुसला.

"डोयाले हात नका लावा भाऊ!" कोणीतरी ओरडलं, पण उशिरा. मी दोन्ही डोळे मिटून उभा राहिलो. पावलं वाजली, आणि बाईचा आवाज जवळून आला, "केसमा हात घसा. केसमा हात घसा, मंग तोच हात डोयावर."

मी हात डोक्याकडे नेला.

"ओ माय! यास्ना डोकावर केसच कोठे शेतस!"

पथारीभर हसू पसरलं. मला हाताला धरून गोदामाच्या दाराशी नेलं, ताकाने डोळे धुतले. उघडले तेव्हा समोर गोजराअक्का होती. तेव्हाची वयस्क बाई आता म्हातारी झाली होती. बसून गोण्या शिवत होती. तिच्या बाजूला एका वाटीत बिब्बे होते.

नाना आले. सत्तरी ओलांडलेले, पण ताठ. "साहेब! बठा, बठा. अक्कानं आंघोळ घातली वाटतं ताकानं. घरी चला, भाकरी होतेच आहे." मागे एकदा जेवून या माणसाचं नाव दिलं होतं. या वेळी आधी सांगायचं आणि मग जेवण मिळालं तर जेवायचं, असं मी मुंबईतच ठरवलं होतं.

"नाना, आधी ऐकून घ्या," मी म्हणालो. "तुमचं नाव करीमभाईंनी दिलं नव्हतं. मी दिलं होतं."

माझ्या डोळ्यांतून पाणी वाहतच होतं. नानांनी खांद्यावरचा पंचा माझ्यापुढे केला. "रडू नका साहेब. मिरची शे ती." मग ते म्हणाले, "करीम भेटला ना तुम्हाला वाटेत? त्याला वाचवायला आलात. चांगला माणूस आहात. पण तुम्हाला कसं कळणार? गोणी तर कोरी होती."

हे मी धरलं नव्हतं. नाना रागावतील, हाकलून देतील, याची तयारी होती. ते विश्वासच ठेवणार नाहीत, हे मनात आलं नव्हतं. पुरावा दाखवावा लागणार होता, आणि पुरावा जिच्या हातचा, ती दोन हातांवर बसून गोणी शिवत होती. मी पंच्याने डोळे पुसले. न दाखवावा तर करीमभाई आहेत तिथेच राहतात. दाखवावा तर आठ वर्षांचं खापर एका म्हातारीच्या डोक्यावर फुटतं. मी डबी काढली आणि झाकण उघडून नानांच्या हातात दिली.

नानांनी निळ्या दोऱ्यातला बिब्बा पाहिला. अक्काने तिथूनच पाहिलं. तिचा हात थांबला.

"हाऊ दोरा मन्हा शे," ती म्हणाली. "मन्हा निया लुगडाना."

"अक्का," नाना हळूच म्हणाले, "त्या कोऱ्या गोण्यांमध्येपण घातला होतास?"

"इतली लांब जानारी गोनी, बिगर बिब्बानी कशी धाडू नाना?"

छापा टाळला, नाव टाळलं, कागदावर खऱ्या देशाऐवजी वाटेतल्या एका बेटाचं नाव घातलं, सगळी काळजी घेतली. आणि अक्काने तिची काळजी घेतली. मी पत्राबद्दल, टेबलाबद्दल आणि मी कसं ओळखलं त्याबद्दल सांगितलं. बढतीचंही सांगितलं. ते कोणी विचारलं नव्हतं.

नाना म्हणाले, "माल मी चोरून धाडला, ते मी नाकारत नाही. पण तिथं मिरची कोण खात होतं साहेब? गोरे? तिथं आपलीच माणसं, मजुरांची पोरं. तुम्ही त्यांच्या भाकरीवरचा ठेचा बंद केला आणि सांगता की गोऱ्याला शिक्षा केली."

"ती बाई त्यांच्यातलीच होती. तिनेच लिहिलं, मिरचीवाचून राहू."

"तिनं तिच्यापुरतं लिहिलं. माझ्या वतीनं कोणी लिहिलं?"

मी म्हणालो, "कोणीच नाही." व्यापार तोडण्याचं तत्त्व मला तेव्हा बरोबर वाटत होतं, आजही वाटतं. ज्याच्या पाठीवर काठी पडते तोच जर म्हणत असेल की आमच्या घरी माल पाठवू नका, तर पाठवणाऱ्याने आपण त्याचं पोट भरतो आहोत असं म्हणू नये. पण तत्त्वाला मिरची वाळवावी लागत नाही. हे मी नानांना सांगितलं नाही, इथे सांगतो आहे.

नानांनी झाकण लावून डबी मला परत दिली. मग फक्त "करीम" एवढं म्हणाले आणि भरलेल्या गोणीवर बसले.

अक्का उठून जवळ आली. मला वाटलं, ती रडेल किंवा शिव्या देईल. तिने विचारलं, "भाऊ, ज्या बाईनी कागद धाडा, तिन्हा भाऊ सुटना का?"

"त्याचं मला माहीत नाही अक्का. पण ते सरकार गेलं. मागच्या वर्षी तिथल्या सगळ्या लोकांनी पहिल्यांदा मत दिलं."

"बठ्ठास्नी?"

"बठ्ठ्यांनी."

"मंग बरं झायं." ती परत जाऊन बसली. दाभणात सुतळी ओवता ओवता ती, तक्रार न करता, सांगू लागली. परवाना गेला, परदेशचा माल थांबला, तशा या गोदामातल्या निम्म्या बायकांना काम उरलं नाही. तीन हंगाम त्या गुजरातेत ऊसतोडीला गेल्या. तीही गेली. तिकडे डर्बनच्या बाईचे पणजोबा ऊस तोडत होते आणि इकडे तिच्या पत्रामुळे अक्का ऊस तोडत होती, हे माझ्या मनात आलं. तिला सांगून उपयोग नव्हता.

शेवटी ती म्हणाली, "आम्हले कोन्ही सांगं नही. तठे असं शे, म्हनीसन आठे गोदाम बंद शे, इतलं जरी सांगतात ना भाऊ, तरी कोयता हलका लागता."

नाना उठले. खुंटीवरची टोपी घातली. मी म्हणालो, "मी येतो बरोबर."

"तुम्ही बठा," ते म्हणाले. "आठ वर्षं गप बठले, आखो एक घंटा बठा."

मी बसलो. डबी अक्कापुढे केली. तिने मान हलवली. "एकदाव दिधेल बिब्बा वापस लेतस नही. ठेवा तुम्हीच." मग तिने पुढची गोणी ओढली, आणि बिब्ब्यांची वाटी पायाने जरा दूर सारली.

उन्हं उतरल्यावर नाना एकटेच परत आले. काय झालं ते मी विचारण्याआधीच म्हणाले, "दुकान उघडं होतं. मी उभा राहिलो. सगळं सांगितलं. तो म्हणे, नाना, आठ वर्षांनी आलात, मला पण आठ दिवस द्या. मग आतल्या खोलीत गेला." नानांनी पाय धुतले. "चला, जेवून घ्या. सकाळची भाकर आहे."

शेवभाजी होती, थंड झालेली. वर तेलाचा लाल तवंग. आम्ही दोघं जेवलो. नानांनी मला वाढलं, आणि तिखटाबद्दल एकदाही विचारलं नाही.

धुळे, आणि घर

सकाळी एस.टी. धरण्याआधी मी करीमभाईंकडे गेलो. ते दुकान झाडत होते. मी माफी मागितली. त्यांनी झाडू भिंतीला टेकवला.

"काल चहा प्यायलात, तेव्हा सांगता आलं असतं."

"हो."

"मग?"

"भीती वाटली."

"माझी?" त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "अच्छा है. आजकल सगळ्यांनाच वाटते." मग आतून पाण्याचा तांब्या आणून दिला. चहा सांगितला नाही. बरोबरच होतं.

धुळ्यापर्यंतचा रस्ता मी खिडकीशी बसून पाहिला. बोडके माळ, बाभळी, दूर एखादी टेकडी. धुळ्याला मुंबईची गाडी सुटायला दोन तास होते. एका गल्लीतून चालताना दोन्ही बाजूंच्या घरांतून मागांचा खडखडाट येत होता. कापड कुठे जातं, असं एका मागवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "व्यापाऱ्याला माहीत. आमच्याकडून इथल्या मोडापर्यंत, त्या वळणापर्यंत जातं." फाइलवर सही करणाऱ्याला मोडाच्या पुढचं दिसतं आणि मोडाच्या अलीकडचं दिसत नाही. मला दोन्ही दिसलं होतं, एकदा जेवताना. म्हणून मला न दिसल्याची सबब सांगता येत नाही.

सगळं सांगून टाकल्यावर हलकं वाटेल, असं लोक म्हणतात. मला गाडीत झोप लागली, एवढं खरं.

तीन आठवड्यांनी ट्रान्सपोर्टने घरी एक लहान गोणी आली. पाच-सहा किलो मिरची, सोबत चिठ्ठी नाही. बायको म्हणाली, "एवढी कोणी पाठवली? वर्षाचं तिखट होईल." मी गोणी फिरवून पाहिली. एका बाजूला निळं कबुतर होतं. छापा थोडा तिरका पडला होता, पण तोच. आठ दिवस पुरे झाले होते.

बायकोला थांबवून मी स्वतः सुतळी उसवली. टाके अक्काचेच होते, लांब आणि सारखे. तोंडाच्या शिवणीतून मी बोट फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मग उलटं. मिरची परातीत ओतली आणि गोणी झटकून पाहिली. बायको शिंकत म्हणाली, "काय शोधताय?"

"काही नाही," मी म्हणालो.

गोणीत बिब्बा नव्हता.